लहान शाळा व बारा वर्षांचे मूल

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त शाळेच्या पटांगणात पालकवर्गापुढे प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी मागे वळून पाहावे, वाडवडिलांच्या श्रमांचे स्मरण करावे, देवळाची घंटा कोणी दिली व वेदी कोणी घडविली ते कृतज्ञतेने सांगावे, असा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. हे कार्य ह्या उत्सवात इतर वक्ते आमच्याहून उत्तम रीतीने पार पाडतील. आम्हास आज देवळाच्या सावलीत उभ्या असलेल्या तीन खोल्यांविषयी बोलावयाचे आहे. सहावी, सातवी व आठवी असे तीन वर्ग, प्रत्येक वर्गाची एकच तुकडी आणि तिन्ही मिळून सुमारे शंभर मुले, एवढाच आमच्या शाळेचा संसार. गेल्या काही वर्षांत ह्या धर्मग्रामातील अनेक पालकांनी आम्हास विचारिले, "फादर, शाळा फार लहान आहे. मुलास येथेच ठेवावे, की शहरातल्या मोठ्या शाळेत घालावे?" हा प्रश्न विचारणाऱ्यांस आम्ही कधीही दोष दिला नाही. आपल्या अपत्याचे हित पाहणे हा आईबापांचा धर्मच होय. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ती शिक्षणाविषयी जो जाहीरनामा प्रसिद्ध केला, त्यातही मुलांचे पहिले व मुख्य शिक्षक मातापिताच होत असे सांगितले आहे. तेव्हा प्रश्न आपला आहे. त्यास प्रामाणिक उत्तर देणे हे आमचे कर्तव्य आहे.

प्रथम शुभवर्तमानाकडे वळू. आपल्या प्रभूच्या बालपणाविषयी शुभवर्तमानकारांनी फार थोडे लिहिले आहे. त्याच्या जन्मानंतरच्या प्रसंगांपासून तो प्रौढ होईपर्यंतच्या दीर्घ काळातील एकच प्रसंग संत लूकने आपल्यासाठी राखून ठेविला आणि तो येशूच्या बाराव्या वर्षीचा आहे. तीन दिवसांच्या शोधानंतर मरिया व योसेफ ह्यांस तो मंदिरात गुरुजनांच्या मध्ये बसलेला आढळला. तो त्यांचे ऐकत होता व त्यांस प्रश्न विचारीत होता. त्यानंतर तो आईबापांबरोबर नाझरेथास परतला व त्यांच्या आज्ञेत राहिला. पुढे संत लूक सांगतो, की तो ज्ञानाने वाढला, शरीराने वाढला आणि देवाच्या व माणसांच्या प्रीतीत वाढला. ज्ञान आणि माणसांची प्रीती ह्या दोन गोष्टी शुभवर्तमानकाराने एकत्र सांगितल्या. आपण मात्र त्या दोन वेगळ्या खात्यांत मांडतो. अभ्यास हे शाळेचे काम, आणि माणसांत वागावे कसे हे घरचे किंवा देवळाचे काम, असे आपण समजतो. बारा वर्षांच्या मुलाच्या ठायी ही दोन खाती वेगळी करिता येत नाहीत, हेच आज आम्हास सांगावयाचे आहे.

ह्या वयात अभ्यासाचे काय होते ते पाहा. चौथीपर्यंत मूल वाचावयास शिकते. त्यानंतर त्यास वाचून शिकावे लागते. इतिहासाचा धडा, विज्ञानाचा धडा, गणितातील शाब्दिक उदाहरण, सर्व काही वाचनाच्या वाटेनेच आत जाते. ज्याचे वाचन अडखळते त्याचे सर्वच विषय अडखळतात, आणि पालक मात्र म्हणतात, "ह्याला गणित जमत नाही." गणिताचेही असेच आहे. पाचापेक्षा चार लहान, हे मूल पहिलीपासून जाणते. मग एक दिवस त्यास सांगितले जाते की एकचतुर्थांश हा एकपंचमांशाहून मोठा आहे. त्याचे जग उलटे होते. ज्याने भाकरीचे चार वाटे करून व पुन्हा पाच वाटे करून पाहिले, त्याची शंका फिटते. ज्याने नुसता नियम पाठ केला, तो पुढे बीजगणितात अपूर्णांक दिसताच थबकतो. ही उणीव सहावीत दुरुस्त करणे सोपे असते. दहावीत ते फार कठीण होते.

परंतु उणीव दिसावयास कोणीतरी पाहणारे हवे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलास त्याच वर्गात मागे ठेवण्यास बंदी केली. हेतू दयेचा होता; मुलाने लाजेने शाळा सोडू नये एवढ्यासाठी ती तरतूद होती. तथापि ज्या शाळांनी त्या दयेचा अर्थ "पाहिले नाही तरी चालेल" असा घेतला, तेथील कित्येक मुलांस आपण नीट वाचू शकत नाही हे थेट नववीत उमगले. पुढे २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन राज्यांस मोकळीक मिळाली, आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षेचा नियम केला. नियम बदलले, परंतु कोणताही नियम मुलाची वही उघडून पाहत नाही. ते शिक्षकाने करावयाचे असते. त्याच कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी पस्तीस मुलांमागे किमान एक शिक्षक असावा असे ठरविले आहे. आमच्या वर्गात तितकीच किंवा त्याहून थोडी कमी मुले असतात. तेवढ्या वह्या बाई सायंकाळपर्यंत खरोखर पाहू शकतात; दुप्पट झाल्या तर त्या केवळ सही करू शकतात.

विज्ञानाच्या प्रयोगशाळेविषयी पालक नेहमी विचारतात. आमच्याकडे एक कपाट आहे. त्यास प्रयोगशाळा म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु गेल्या उन्हाळ्यापूर्वी सातवीच्या मुलांनी काय केले ते सांगतो. वसईच्या ह्या किनाऱ्यावर समुद्राकडील विहिरींचे पाणी खारट होत चालल्याचे आपण सर्वजण पाहतो आहोत; उपसा वाढला की गोडे पाणी खाली जाते व खारे पाणी आत सरकते. मुलांनी आपापल्या वाडीतील विहिरीचे पाणी आणिले, सारख्या बशांत सारखे मोजून ओतिले व उन्हात ठेविले. पाणी आटल्यावर कोणत्या बशीत पांढरा थर जाड राहिला, हे त्यांनी पाहिले व गावाच्या नकाशावर टिपिले. समुद्राच्या बाजूस थर जाड, पूर्वेकडे पातळ. एका मुलाने विचारिले, "बाई, आमच्या बागेची केळी ह्याच्यामुळे करपतात का?" तो प्रश्न पुस्तकात नव्हता. मंदिरातील बारा वर्षांचा मुलगा गुरुजनांस प्रश्नच विचारीत होता, हे आपण विसरू नये.

आता भाषेविषयी. आमच्या घरांत सामवेदी बोलतात, वाडवळी बोलतात, किनाऱ्यावर कोळी बोली बोलतात. शाळेत मूल प्रमाण मराठीशी ओळख करून घेते, पाचवीपासून हिंदी शिकते, आणि २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासूनच इंग्रजी आहे. म्हणजे बारा वर्षांच्या मुलाच्या जिभेवर चार भाषांचा भार आहे. ह्या भाराखाली काय होते ते आम्ही स्वतः भोगिले आहे. आम्ही गावची लहान शाळा संपवून नववीत शहरातील एका मोठ्या विद्यालयात दाखल झालो. पहिल्याच आठवड्यात इतिहासाच्या तासाला आम्ही उत्तर देण्यास उभे राहिलो. उत्तर बरोबर होते, परंतु उच्चार घरचा होता. साठ मुले हसली, आणि शिक्षकही हसले. त्या दिवसानंतर संपूर्ण वर्षभर आम्ही हात वर केला नाही. उत्तरे येत होती. आम्ही ती आतल्या आत गिळीत होतो. वर्षाअखेर प्रगतिपुस्तकात आमच्याविषयी शेरा होता, की विद्यार्थी अभ्यासात मंद आहे. श्रोतेहो, तो मंदपणा अभ्यासातला होता, की माणसांतला होता? ह्या एका अनुभवामुळे आम्ही म्हणतो, की ती दोन खाती वेगळी नाहीत. त्या वर्षी आमची मान ताठ राहिली नाही. पण आम्ही शाळाही सोडिली नाही. ते बळ गावच्या लहान शाळेने दिले होते. तेथे आमच्या बोलीस कोणी हसत नसे, बाई आमचे वाक्य ऐकून घेत व मग म्हणत, "आता हेच पुस्तकातल्या मराठीत सांग."

मुलाच्या भाषेतून त्यास वर नेण्याची ही रीत नवी नाही. संत जॉन बाप्टिस्ट दे ला साल ह्यांनी सतराव्या शतकात फ्रान्समधील रीम्स नगरात गरीब मुलांसाठी शाळा चालविल्या. त्या काळी मुलांस वाचन लॅटिन भाषेतून शिकवीत. त्यांनी ते मुलांच्या फ्रेंच भाषेतून शिकविले. त्याच संतास पवित्र सभेने १९५० मध्ये शिक्षकांचा आश्रयदाता म्हणून घोषित केले. आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी परदेशातून येऊन येथील भाषा आत्मसात केली आणि १६१६ मध्ये क्रिस्तपुराण छापून घेतले. आणि ह्याच वसईच्या मातीतील फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत, व होईल तर आठवीपर्यंत, मुलाच्या घरच्या किंवा मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. इंग्रजीचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. गणित व विज्ञान सेमी-इंग्रजी पद्धतीने शिकविण्याचा आग्रह ज्या पालकांनी धरिला, त्यांचे म्हणणे आम्ही मान्य केले आहे. आमचे म्हणणे एवढेच, की ज्या भाषेत मूल प्रश्न विचारू शकते, ती भाषा काढून घेऊन दुसरी देऊ नये. पहिलीवर दुसरी चढवावी.

आता एक लहानसा हिशेब मांडतो. दररोज सकाळी परिपाठ होतो, हे आपणांस ठाऊक आहे. प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या, बोधकथा. चार मुले सर्वांपुढे उभी राहून बोलतात. कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीच्या वर्गांस वर्षाला किमान २२० दिवस शाळा भरावयास हवी. म्हणजे वर्षाकाठी ८८० वेळा कोणी ना कोणी मूल सर्वांपुढे उभे राहते. शंभर मुलांच्या शाळेत प्रत्येकाचा क्रम वर्षाला आठनऊ वेळा येतो. तीन वर्षांत पंचवीसहून अधिक वेळा. हजार मुलांच्या शाळेत प्रत्येकाचा क्रम वर्षातून एकदाही पुरता येत नाही; आणि तेथे हुशार मुलेच पुन्हा पुन्हा उभी केली जातात, हे आपण जाणता. मोठ्या शाळेत मोठे सभागृह असते, हे खरे. परंतु सभागृहातील बहुतेक मुले आयुष्यभर खाली बसून टाळ्या वाजविण्याचाच सराव करितात.

तथापि क्रम येणे व क्रम देणे ह्यांत अंतर आहे, आणि ह्या ठिकाणी आम्हास आपला एक अपराध सांगावा लागेल. काही वर्षांपूर्वी शाळेच्या वार्षिक मिस्साबलिदानात पहिले वाचन करण्याची पाळी सातवीतील एका मुलाची होती. तो बोलताना अडखळत असे. बाहेरून पाहुणे येणार होते. आम्ही सिस्टरांस सांगितले, की त्या दिवसापुरते दुसऱ्या एखाद्या चांगल्या वाचणाऱ्या मुलीस उभे करावे. सिस्टरांनी क्षणभर थांबून विचारिले, "फादर, शाळा पाहुण्यांसाठी आहे की मुलांसाठी?" आम्ही हसून विषय टाळिला, आणि वाचन त्या मुलीने केले. फार सुंदर झाले. मिस्सेनंतर तो मुलगा सांक्रीस्तीच्या दाराशी उभा होता. त्याने तक्रार केली नाही. त्याच्या हातात वाचनाचा कागद होता; तो त्याने पाठ केला होता.

त्यानंतर आम्ही त्याच्या घरी गेलो व त्याच्या आईवडिलांदेखत त्याची क्षमा मागितली. पुढील वर्षी तो आठवीत असताना वाचन त्यानेच केले. दोन ठिकाणी तो अडखळला. त्या वेळी वर्गातील मुलांनी काय केले, ते आम्ही वेदीवरून पाहिले. कोणी हसले नाही. कोणी घाईने पुढला शब्दही सुचविला नाही. सर्वजण थांबून राहिले, तो शब्द त्याच्या ओठांवर येईपर्यंत. बाईंनी त्यांस तीन वर्षे हेच शिकविले होते, की अडलेल्यास शब्द द्यावयाचा नसतो, वेळ द्यावयाचा असतो. तो मुलगा आठवी सामान्य गुणांनीच उत्तीर्ण झाला; आम्ही येथे कोणताही चमत्कार सांगत नाही. परंतु त्या दिवशी त्याने वाचन शिकले आणि इतर तीस मुलांनी थांबणे शिकले. दुसरा धडा पहिल्याहून कमी योग्यतेचा आहे, असे आम्हास वाटत नाही. आमच्या नववीच्या वर्गातील साठ मुलांस तो कोणी शिकविला असता तर किती बरे झाले असते!

अशा रीतीने माणसांत राहण्याचे शिक्षण लहान शाळेत ठिकठिकाणी आपोआप घडत असते. खो-खोच्या दोन संघांचे अठरा खेळाडू मैदानात लागतात. तीस मुलांच्या वर्गात चपळ तेवढे निवडून चालत नाही. धापा टाकणाऱ्यासही घ्यावे लागते, आणि त्यास घेऊन जिंकावयाचे कसे ह्याचा विचार करावा लागतो. शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होते, तेव्हा निवडून आलेल्या स्वच्छतामंत्र्यास दुसऱ्या दिवशी स्वतःच झाडू हाती घ्यावा लागतो; हाताखाली माणसे नसतात. दुपारी पोषण आहाराच्या पंगतीत बागायतदाराचा मुलगा, मासेविक्रेत्या बाईची मुलगी, वारली पाड्यावरील मूल व उत्तरेकडून कामासाठी आलेल्या मजुराचे मूल एका ओळीत बसतात. त्यांत ख्रिस्ती आहेत, हिंदू आहेत, मुसलमान आहेत. पाठ्यपुस्तकातील समतेचा धडा नागरिकशास्त्राच्या तासाला अर्ध्या घटकेत संपतो. पंगतीतला धडा तीन वर्षे चालतो.

लहान शाळेचे दोषही आम्ही लपविणार नाही. एका शिक्षकास दोन दोन विषय शिकवावे लागतात, आणि दुसऱ्या विषयात त्याची गती सारखीच असते असे नाही. मोठ्या शाळेत मित्राशी भांडण झाले तर मूल दुसरे मित्र शोधते. येथे तोच वर्ग, तीच बाके, तीच तोंडे. ह्याहून मोठा दोष म्हणजे नावाचा शिक्का. सहावीत एखाद्यास "ढ" म्हटले गेले, की तीन वर्षे सर्व शिक्षक, सर्व मुले व शेवटी तो स्वतःही तेच म्हणतो. जेथे सर्वजण सर्वांस ओळखतात, तेथे ओळख हाच तुरुंग होऊ शकतो. यास्तव आमच्या शिक्षकांनी ठरविले आहे, की दरवर्षी वर्गशिक्षक बदलावा, नव्या वर्गशिक्षकाने मुलाची जुनी प्रगतिपुस्तके पहिला महिनाभर पाहू नयेत, आणि प्रथम त्याच्याकडून एक पान वाचून घ्यावे.

तर मग आपल्या प्रश्नाचे उत्तर काय? आम्ही असे म्हणत नाही, की प्रत्येक मुलास येथेच ठेवा. लहानपण हा स्वतः गुण नव्हे. दुर्लक्ष करणारी लहान शाळा ही दुर्लक्ष करणाऱ्या मोठ्या शाळेहून वाईट, कारण तीस सबबही नाही. परंतु मुलाची वही कोणी उघडील काय, त्याचा प्रश्न कोणी ऐकेल काय, तो अडला तर वर्ग थांबेल काय, ह्या तीन गोष्टी आपण कोणत्याही शाळेच्या दारात विचारा, आणि मग निर्णय करा. इमारतीचे मजले त्यानंतर मोजा. आणि हेही ध्यानात असू द्या, की शिक्षकांची मंजुरी मुलांच्या संख्येवर ठरते. मुले कमी झाली की शिक्षक कमी होतो. शिक्षक कमी झाला की आणखी मुले जातात. शाळा एका दिवसात बंद पडत नाही. ती एकेका घराच्या निर्णयाने रिती होते. मग ज्यांस शहराचे भाडे व शुल्क परवडत नाही, ती मुले कोठे जातील? पाड्यावरील मूल कोठे जाईल?

पालकहो, आपणांकडून आम्ही तीन गोष्टी मागतो. पहिली, सायंकाळी घरी रोजरीची प्रार्थना झाल्यावर लगेच दूरदर्शन किंवा मोबाईल सुरू करू नका. मुलास आपल्या पुस्तकातील एक पान मोठ्याने वाचू द्या, व घरातील सर्वांनी, आजीआजोबांसुद्धा, ते ऐका. आपण स्वतः शाळा शिकला नसाल तरी ऐकणे आपणांस येते. दुसरी, मूल शाळेतून आले की "किती गुण मिळाले?" हा पहिला प्रश्न नसावा, "आज तू काय विचारलेस?" हा असावा. तिसरी, आपल्या किंवा शेजाऱ्याच्या मुलास "ढ" हा शब्द लावू नका. तो उच्चारावयास सोपा आणि पुसावयास फार कठीण आहे.

आणि ज्या धर्मग्रामाने ही शाळा उभी केली, त्याच्या वतीने आम्हीही एक वचन देतो. येथे पाहुण्यांसाठी कोणाचाही क्रम पुन्हा काढून घेतला जाणार नाही.

मरिया व योसेफ ह्यांनी तीन दिवस शोधिले, तेव्हा त्यांस आपला मुलगा सापडला. आपली मुले आपल्यासमोर बसलेली असताना हरवू नयेत, एवढीच ह्या महोत्सवाच्या दिवशी त्या पवित्र कुटुंबाच्या चरणी आमची प्रार्थना आहे. आपल्या घरांवर, आपल्या गुरुजनांवर व ह्या तीन खोल्यांतील प्रत्येक बालकावर सर्वसमर्थ देवाचा, पित्याचा, पुत्राचा व पवित्र आत्म्याचा आशीर्वाद असो. आमेन.